शस्त्रवैद्य आणि म्हाताऱ्यांचे वॉर्ड

आमच्या लहानपणीं एखाद्या डॉक्टरच्या पाटीवर ‘एफ. आर. सी. एस.’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे वडील मंडळी ती पाटी मोठ्या आदरानें वाचून दाखवीत. हीं अक्षरें विलायतेहून मिळवून आणावीं लागत, आणि मुलगा एम. बी. बी. एस. झाला कीं घरांत विलायतेच्या गोष्टी सुरू होत. आमच्या नात्यांतील एक गृहस्थ असेच १९६५ सालीं बोटीनें इंग्लंडास गेले. गेले ते शस्त्रवैद्य होण्यासाठीं. राहिले मात्र तीस वर्षें उत्तर इंग्लंडांतील एका गिरण्यांच्या गांवीं, वृद्धांचे वैद्य म्हणून. असें कां झालें, याचें उत्तर घरांत नशिबावर सोपवून सगळे मोकळे होत. आम्ही इतिहास शिकवून पोट भरणारे. नशीब हें उत्तर आम्हांस पुरत नाहीं.

ता. ५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि बहुतेक सर्व रुग्णालयें सरकारच्या मालकीचीं झालीं. त्या वेळीं युद्धावरून परतलेले शेंकडों तरुण डॉक्टर रजिस्ट्रारच्या जागांवर शिकत होते. त्यांतील बहुतेकांची दृष्टि मोठ्या शाखांवर, म्हणजे शस्त्रक्रिया व सामान्य वैद्यक यांवर होती. परंतु कन्सल्टंटच्या जागा मोजक्या, आणि एकदां त्या जागेवर बसलेला मनुष्य पासष्ट वर्षांचा होईपर्यंत उठत नाहीं. परिणाम असा झाला कीं, चाळिशीकडे झुकलेले, सर्व परीक्षा उतरलेले, हात तयार झालेले शस्त्रवैद्य ‘मुदत संपलेले सीनियर रजिस्ट्रार’ हें चमत्कारिक नांव धारण करून कोणी तरी निवृत्त होण्याची वाट पाहत बसले. कांहींनीं वाट पाहणें सोडून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका गांठली.

हा तुंबारा पाहून सरकारास वाटलें, देशांत डॉक्टर फार झाले. सर हेन्री विलिंक हे युद्धकाळांतले आरोग्यमंत्री. त्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिनें १९५७ सालीं शिफारस केली कीं वैद्यकीय शाळांतील प्रवेश सुमारें एकदशांशानें कमी करावे. लोकसंख्या किती वाढेल, किती डॉक्टर देश सोडून जातील आणि रुग्णालयांचें काम किती फुगेल, हे तिन्ही अंदाज चुकले. पांच वर्षांच्या आंत डॉक्टरांची टंचाई सर्वांस दिसूं लागली. समितीची चूक केवळ गणिताची होती असें आम्हांस वाटत नाहीं. एका दाराशीं झालेली गर्दी पाहून तिनें घर भरलें असें मानलें; मागील दारीं कोणीच फिरकत नव्हतें, तिकडे तिचें पुरेसें लक्ष गेलें नाहीं.

तें मागील दार म्हणजे म्हाताऱ्यांचे वॉर्ड. इंग्लंडांतील जुन्या दरिद्री-कायद्याच्या अनाथगृहांना जोडून रुग्णगृहें असत. १९३० सालीं तीं स्थानिक कौन्सिलांकडे आलीं आणि १९४८ सालीं आरोग्यसेवेच्या पदरांत पडलीं. लांबच लांब खोल्या, भिंतीशीं ओळीनें खाटा, आणि त्यांवर वर्षानुवर्षें पडून राहिलेले वृद्ध. त्यांना ‘असाध्य’ म्हणून एकदां नोंदलें कीं पुढें कोणी तपासीत नसे. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे असे सातशेंहून अधिक रोगी आले, आणि ते डॉ. मार्जरी वॉरेन यांच्या हातीं पडले. बाईंनीं एकेकास तपासलें, रोगांप्रमाणें वेगळें केलें, खाटेवरून उठविलें. पुष्कळजण चालूं लागले, कांहीं घरीं गेले.

याहून आम्हांस विशेष वाटते ती लायोनेल कोसिन यांची गोष्ट. हे खुद्द शस्त्रवैद्य, एफ. आर. सी. एस. एसेक्समधील ऑर्सेट येथें युद्धाच्या अखेरीस जुनाट रोग्यांच्या खाटा त्यांच्याकडे आल्या. मांडीचें हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायांना खाटेवर कुजत ठेवण्याची तेव्हां रीत होती. कोसिन यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून त्यांना लगेच पायांवर उभें केलें. ज्या शाखेकडे तरुण शस्त्रवैद्य तुच्छतेनें पाहत, तिचा पाया घालणाऱ्यांत एक शस्त्रवैद्यच होता! (आमच्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्य आणि जरा हीं दोन्ही एका पंक्तींत बसलेलीं आहेत, पण ग्रंथांतली पंगत वेगळी आणि व्यवहारांतली वेगळी.)

या थोर उदाहरणांनीं तरुणांचे पाय तिकडे वळले काय? नाहीं, आणि त्यांना दोष देतांही येत नाहीं. शस्त्रवैद्यास सरकारी पगाराखेरीज खाजगी रोग्यांची फी मिळे. वृद्धांच्या वैद्यास ती बहुधा मिळत नसे. नामांकित कन्सल्टंटांना गुणवत्तेबद्दल पगारावर अधिक रक्कम देण्याची प्रथा १९४८ पासून होती. त्या रकमा वांटणारे बहुतेक मोठ्या शाखांतले, आणि घेणारेही मोठ्या शाखांतले. वृद्धचिकित्सा व मानसचिकित्सा यांच्या वांट्यास त्यांतलें फार थोडें येई. राज्यानें मुखानें म्हणावें, आम्हांस वृद्धांसाठीं वैद्य पाहिजेत, आणि हातानें मात्र शल्याच्या पानावर तूप वाढावें, असा हा प्रकार होता.

मग त्या जागा भरल्या कोणीं? आमच्या माणसांनीं. हिंदुस्थान, पाकिस्तान, सिलोन येथून तरुण डॉक्टर येत होते, आणि त्यांच्या पदव्या तेथें मान्य होत्या. १९६१ सालीं लॉर्ड कोहेन यांनीं लॉर्डांच्या सभेंत उघड सांगितलें कीं हिंदुस्थान-पाकिस्तानांतून येणारे हे कनिष्ठ डॉक्टर नसते तर आरोग्यसेवा कोसळली असती. त्यांना शिकविण्याचा खर्च इकडे झाला होता, ही गोष्ट त्या हिशेबांत कोठें धरलेली आम्हांस आढळली नाहीं.

आमचे गृहस्थ सांगत, शस्त्रक्रियेच्या रजिस्ट्रारपदासाठीं त्यांनीं चाळीसएक अर्ज धाडले. बहुतेकांना उत्तर नाहीं, दोन ठिकाणीं मुलाखत, आणि दोन्हीकडे जागा तेथल्याच मुलास. वृद्धांच्या वॉर्डासाठीं एकच अर्ज केला. तारेनें बोलावणें आलें, राहावयास घरासुद्धां. “मला कोणीं ढकललें नाहीं,” ते म्हणत, “एकच दार उघडें होतें, त्यांतून गेलों.” पहिलीं दोन वर्षें त्यांनीं घरीं पत्रांतून हें कळविलेंच नाहीं. विलायतेंत शस्त्रवैद्यास डॉक्टर न म्हणतां ‘मिस्टर’ म्हणतात, हें त्यांच्या आईस कोणीं तरी सांगितलें होतें. त्यामुळें पाकिटावर ‘मिस्टर’ लिहून ती पत्रें पाठवी, आणि ते तीं तशींच घेत.

कामांत मात्र ते रमले. वॉर्डांत जेवणाचें टेबल मांडून खाटेवरच्यांना कपडे घालून तेथें बसविण्याचा हट्ट त्यांनीं धरला, आणि त्यावरून परिचारिकांशीं वर्षभर भांडले, असें ते अभिमानानें सांगत. १९७५ सालीं ब्रिटनच्या वैद्यक परिषदेनें हिंदी पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि नव्यांना परीक्षा देणें भाग पडलें. ते तोंवर कन्सल्टंट झाले होते.

या शाखेच्या ब्रिटिश प्रवर्तकांच्या तोंडच्या हकीकती प्रोफेसर मार्गो जेफरीज यांनीं १९९१ च्या सुमारास नोंदून घेतल्या. आमच्याकडून गेलेल्या वैद्यांकडे ध्वनिमुद्रणयंत्र पोंचण्यास त्यानंतर सुमारें पंधरा वर्षें लागलीं. दोन्ही संग्रह आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. आमच्या गृहस्थांना त्यासाठीं कोणीं विचारलें नव्हतें. विचारलें असतें तर काय सांगितलें असतें, असें आम्हीं एकदां पुसलें. ते म्हणाले, टेबलाची गोष्ट सांगितली असती.