अस्फटिकी गाभ्याचे वितरण रोहित्र

ज्या वितरण रोहित्राचा गाभा सिलिकॉन पोलादाच्या पत्र्यांऐवजी लोह, सिलिकॉन व बोरॉन यांच्या अस्फटिकी मिश्रधातूच्या अतिशय पातळ फितीपासून बनवलेला असतो, त्यास अस्फटिकी गाभ्याचे वितरण रोहित्र म्हणतात. वितरण रोहित्र हे ११ किंवा २२ हजार व्होल्टचा दाब उतरवून घरे, दुकाने व शेतीपंप यांना लघुदाबाची वीज पुरवते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याला सर्रास ‘डीपी’ म्हटले जाते. अस्फटिकी गाभ्यामुळे रोहित्राची भार नसतानाची हानी साधारणपणे ६५ ते ७५ टक्क्यांनी घटते. मात्र असे रोहित्र आकाराने मोठे, वजनाने अधिक आणि खरेदीच्या वेळी महाग असते.

गाभ्यातील हानी

रोहित्रात ऊर्जा दोन ठिकाणी वाया जाते. गुंडाळ्यांच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांतील हानी विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भार निम्मा झाला की ती एक चतुर्थांशावर येते आणि भार नसेल तेव्हा जवळजवळ शून्य होते. गाभ्यातील हानीचे तसे नाही. उच्चदाब बाजूस वीज आली की ती सुरू होते आणि वीज असेपर्यंत अखंड चालू राहते. मध्यरात्री गावात एकही दिवा जळत नसला तरी खांबावरचे रोहित्र गुणगुणत असते. ती गुणगुण गाभ्याच्या सततच्या चुंबकनामुळे होते, आणि त्या चुंबकनात वीजही खर्ची पडत असते.

उदाहरणादाखल, १०० केव्हीए क्षमतेच्या एखाद्या रोहित्राची गाभाहानी २०० वॅट धरली, तर वर्षाच्या ८,७६० तासांत १,७५२ युनिट वीज केवळ गाभा तापवण्यात जाते. हीच हानी ६० वॅट असेल तर आकडा सुमारे ५२६ युनिटांवर येतो. रोहित्राचे आयुष्य २५ वर्षे मानल्यास एका रोहित्रामागे ३० हजारांहून अधिक युनिटांचा फरक पडतो.

गाभाहानीचे दोन मुख्य घटक आहेत. प्रत्यावर्ती प्रवाहामुळे गाभ्याचे चुंबकन भारतात सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा घेते. पदार्थातील चुंबकीय क्षेत्रके या उलटापालटीला जो विरोध करतात, त्यातून होणाऱ्या हानीस मंदायन हानी किंवा हिस्टेरेसिस हानी म्हणतात. दुसरा घटक भोवरी प्रवाहांचा. बदलत्या चुंबकीय फ्लक्समुळे खुद्द गाभ्याच्या धातूतही प्रवाह प्रेरित होऊन घुमत राहतात. ही हानी पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि धातूची रोधकता वाढली की कमी होते. म्हणूनच गाभा एकसंध ओतीव न ठेवता एकमेकांपासून विसंवाहित केलेल्या पातळ पत्र्यांचा रचतात.

पदार्थांचा विकास

बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यातील कारोय झिपरनोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा डेरी या तिघा अभियंत्यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध केले. त्या काळचे गाभे साध्या मऊ लोखंडाचे असत. त्यांची हानी मुळातच जास्त होती, शिवाय वापराच्या उष्णतेने ती महिन्यागणिक वाढत जाई. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॅडफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० च्या सुमारास लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळून हा दोष बराचसा दूर केला. सिलिकॉनमुळे रोधकताही वाढली.

पुढची मोठी पायरी अमेरिकेतील नॉर्मन गॉस यांची. शीत लाटण आणि तापोपचार यांची विशिष्ट आवर्तने दिल्यास पोलादातील स्फटिककण एकाच दिशेने मांडले जातात व त्या दिशेने चुंबकन फार सुलभ होते, असे त्यांनी दाखवले. त्याचे एकस्व १९३४ मध्ये मिळाले. हेच आजचे कणाभिमुख पोलाद. बाजारात ते सीआरजीओ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते आणि पत्र्याची जाडी बहुधा ०.२३ ते ०.३५ मिलिमीटर असते. जपानी कारखान्यांनी १९६० च्या दशकात त्याची अधिक काटेकोर कणरचनेची प्रत आणली. नंतर पत्र्यावर लेसरने बारीक रेघा ओढून चुंबकीय क्षेत्रके लहान करण्याची पद्धतही रूढ झाली.

अस्फटिकी धातूचा उगम अगदी वेगळा आहे. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत पोल ड्यूवेझ यांच्या गटाने १९६० मध्ये सोने व सिलिकॉन यांचा रस इतक्या झपाट्याने गोठवला की अणूंना स्फटिकात मांडले जाण्यास अवधीच मिळाला नाही. काचेप्रमाणे अव्यवस्थित अणुरचना असलेली धातू अशी प्रथमच हाती आली. सोन्याच्या त्या मिश्रणाचा रोहित्राला उपयोग नव्हता. पण लोहाधारित मिश्रणांना हीच प्रक्रिया लागू पडली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा गाभ्यांची रोहित्रे वितरण जाळ्यात बसू लागली.

आजही फीत त्याच तत्त्वावर तयार होते. वितळलेली मिश्रधातू वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडतात. ती सेकंदाला सुमारे १० लाख अंश इतक्या दराने निवते आणि सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीची फीत होऊन बाहेर पडते. स्फटिककणांच्या सीमाच नसल्याने चुंबकीय क्षेत्रके सहज सरकतात व मंदायन हानी घटते. फीत सीआरजीओ पत्र्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी पातळ आणि रोधकता अडीचपटीहून अधिक, म्हणून भोवरी प्रवाहही क्षीण होतात.

रचना व मर्यादा

अस्फटिकी मिश्रधातू सुमारे १.५६ टेस्लाला संपृक्त होते, तर सीआरजीओ पोलाद सुमारे २ टेस्लाला. त्यामुळे गाभा कमी फ्लक्स घनतेवर, म्हणजेच अधिक छेदक्षेत्राचा, बांधावा लागतो. त्यात फितीच्या थरांमध्ये हवेच्या फटी राहतात आणि उपलब्ध जागेचा सुमारे ८५ टक्के भागच धातूने भरतो. सीआरजीओमध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर जाते. गाभा वाढला की त्याभोवतीची तार, टाकी आणि तेलही वाढते. दोन पदार्थांची प्रतिकिलो हानी वेगवेगळ्या फ्लक्स घनतेवर मोजून शेजारी मांडणारे तक्ते बरेच आढळतात. त्यांतून अस्फटिकी धातूची बाजू वास्तवापेक्षा जास्त उजळ दिसते. खरी तुलना सारख्या क्षमतेच्या दोन पूर्ण रोहित्रांचीच होऊ शकते.

तापोपचारानंतर फीत ठिसूळ होते. तिचे पत्रे कापून रचणे व्यवहार्य नसल्याने गाभा गुंडाळून आयताकृती करतात, आणि त्यावरील वेटोळीही आयताकृतीच बसवावी लागतात. लघुपरिपथाच्या वेळी उसळणारे बल गोल वेटोळे चांगले पेलते, आयताकृती वेटोळे फुगते. त्याला भक्कम आधार द्यावा लागतो. वाहतुकीत व दुरुस्तीत गाभ्याचे तुकडे तेलात पडण्याची भीती असते. लहान दुरुस्ती कार्यशाळांना हा गाभा हाताळणे अवघड जाते.

मानके

भारतात वितरण रोहित्रांना तारांकन लावणे २०१० पासून सक्तीचे आहे. भारतीय मानक ‘आयएस ११८० भाग १’ याच्या २०१४ च्या आवृत्तीत ५० व १०० टक्के भारावरील एकूण हानीच्या मर्यादा तीन स्तरांत दिल्या आहेत. १०० केव्हीएच्या ११ हजार व्होल्टच्या रोहित्रासाठी पहिल्या स्तराची मर्यादा अनुक्रमे ५२० व १,८०० वॅट होती. गाभाहानीला यात स्वतंत्र मर्यादा नाही. बहुतेक वेळ अत्यल्प भारावर चालणाऱ्या रोहित्राची खरी उधळपट्टी या दोन आकड्यांत पुरती उमटत नाही, ही या पद्धतीतील उणीव होय.

युरोपीय संघाने २०१४ च्या नियमाद्वारे गाभाहानी व भारहानी यांवर निरनिराळ्या मर्यादा घातल्या. त्यांचा पहिला टप्पा जुलै २०१५ मध्ये व अधिक कडक दुसरा टप्पा जुलै २०२१ मध्ये लागू झाला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार जवळजवळ सर्व नवी वितरण रोहित्रे अस्फटिकी गाभ्याची झाली असती. रोहित्रांचा तुटवडा आणि देशातील कणाभिमुख पोलादाच्या उत्पादनावरील संकट, ही कारणे पुढे करून त्यास विरोध झाला. एप्रिल २०२४ च्या अंतिम नियमात बहुतांश रोहित्रांसाठी सीआरजीओची मुभा राहिली.

महाराष्ट्रातील संदर्भ

वरील ८,७६० तासांचा हिशोब अखंड पुरवठा गृहीत धरतो. शेतीच्या वाहिनीला दिवसातून आठच तास वीज मिळत असेल व उरलेला वेळ ती पूर्ण बंद राहत असेल, तर गाभाहानीही तेवढ्याच काळापुरती होते आणि १,२२६ युनिटांची वार्षिक बचत सुमारे ४०९ युनिटांवर येते. क्षमतेबाहेर पंप जोडल्याने जळणाऱ्या रोहित्राचे दुखणे गुंडाळीत असते. उत्तम गाभा त्यावर उपाय ठरत नाही. याउलट शहरांत व गावठाण वाहिनीवर, जेथे वीज अहोरात्र असते आणि रात्री भार ओसरतो, तेथे अस्फटिकी गाभ्याचा लाभ पुरेपूर मिळतो.

शेतीपंपांसाठी राज्यात २०१८ पासून राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत एकदोन पंपांमागे एक लहान रोहित्र बसवले जाते. लघुदाब वाहिनीतील हानी त्यामुळे घटते, मात्र गाभ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. अशा ठिकाणी गाभाहानी पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. निविदा केवळ सर्वांत कमी खरेदी किमतीवर मंजूर होत असतील, तर हा खर्च ठेकेदाराच्या हिशोबात येतच नाही. तो पुढे वीजदरात येतो. आयुष्यभरातील हानीचे मूल्य खरेदी किमतीत मिळवून निविदांची तुलना करण्याची रीत अभियंत्यांना परिचित आहे.

कच्च्या मालाचा प्रश्न दोन्ही प्रकारांत आहे. अस्फटिकी फितीचे मोठे उत्पादन जपान, अमेरिका व चीन येथे एकवटले आहे. भारताला लागणारे सीआरजीओ पोलादही बहुतांशी आयात होते. मोडीत काढलेल्या रोहित्रांतील जुने पत्रे नव्याच्या भावाने खपवण्याचा गैरप्रकार त्यातूनच बोकाळला आणि या पोलादास मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे करावे लागले. देशात सीआरजीओ बनवणारा थायसेनक्रुप समूहाचा कारखाना नाशिक जिल्ह्यात होता; तो विकत घेण्याचा करार जेएसडब्ल्यू स्टील व जपानची जेएफई स्टील यांच्या संयुक्त उपक्रमाने २०२४ मध्ये केला. याच उपक्रमाचा नवा कारखाना कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात विजयनगर येथे योजलेला आहे.