डालग्याखालचा इतिहास

दलितांच्या खाण्यापिण्याचा विषय निघाला की आपले लिहिणारे बहुधा मेलेल्या ढोरापाशी येऊन थांबतात. ते स्वाभाविकही आहे. मेलेले ढोर ओढणे, त्याचे मांस खाणे आणि दारोदार शिळी भाकर मागणे या तीन गोष्टींवर गावगाड्याने आपली अस्पृश्यता बेतली होती. म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे हे बंडच होते. परंतु त्याच घरात, कुडाच्या कोपऱ्यात, एका डालग्याखाली आणखी एक जीव होता. त्याची नोंद आपण फारशी घेतलेली नाही. तो जीव म्हणजे कोंबडी. ढोर गावाने दिलेले असे. कोंबडी आपली स्वतःची होती. हा फरक लहान नाही, असे मला वाटते, आणि तेवढ्यासाठीच हा लेख आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला कारण एक सूचना आहे. मी मीरा रोडच्या शांतीनगरात राहते. २०१५ च्या सप्टेंबरात आमच्या इमारतीच्या फलकावर एक कागद लागला. आवारात कोंबड्या पाळू नयेत व कापू नयेत, अस्वच्छता होते, असे त्यात होते. कागदावर कुणाचे नाव नव्हते. पण साऱ्या इमारतीत कोंबड्या दोनच होत्या आणि त्या माझ्या आईच्या होत्या. तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीमागे तिने लाकडी खोक्याचे खुराडे केले होते. अस्वच्छतेची तक्रार अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात विष्ठेचा वास येतो, आणि कोंबडा पहाटे आरवला की वरच्या मजल्यावरची झोप मोडते. आईने वाद घातला नाही. तिने फक्त विचारले, "आपण कधीपास्नं खातो ही कोंबडी, ह्यांना ठावं हाय का?" मला उत्तर देता आले नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हते.

आमचे गाव महाड तालुक्यातले. वतनदारीच्या काळात महाराच्या घरात जे जे येई, त्यावर गावाचा शिक्का असे. बलुते गावाचे, भाकर गावाची, मेलेले ढोर गावाचे. त्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक. सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान वाहायचे, लाकूडफाटा पुरवायचा. या सगळ्यात कोंबडी कुठेच बसत नाही. ती बलुत्यात मिळत नसे आणि वतनात मोडत नसे. तिला जमीन लागत नाही. गावचे गायरान लागत नाही. उकिरड्यावर, सांडलेल्या दाण्यावर, वाळवीवर ती जगते. ज्याला जमीन नाही त्याला पाळता येईल असे ते धन होते, आणि ते बहुतेक बाईच्या हातातले धन होते.

अर्थात हे धनही दरवेळी निखळ आपले नसे. आमच्या आजीकडे पहिली तलंग आली ती अर्धेलीने. कुळवाड्याच्या घरची तलंग आणायची, वाढवायची, ती खुडूक बसली की अंड्यांवर बसवायची, आणि पिले निघाली की निम्मी मालकाला पोचती करायची. मानमोडीने कोंबड्या मेल्या तर मालक म्हणे, तू खाल्ल्यास. तरीही दोन हंगामांत आजीची स्वतःची चार कोंबडी झाली. मीठ-मिरची, काडेपेटी, पोराची पाटी यांचे पैसे त्या अंड्यांतून निघत. देशी कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी देते. हिशेब एवढाच. पण तो हिशेब आजीचा होता, आणि आजोबांना त्यात हात घालता येत नसे.

येथे जातिव्यवस्थेची एक गंमत पाहण्यासारखी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजाने वर्ज्य करायच्या पदार्थांत गावडुक्कर, लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला गावकोंबडा बसवलेला आहे. जाणूनबुजून खाणारा पतित होतो, असे सांगितले आहे. शब्दही मुद्दाम 'ग्रामकुक्कुट' असा आहे. माणसाच्या वस्तीत, माणसाच्या उकिरड्यावर जगणाऱ्या पाखरावर हा रोष आहे. परंतु महाराष्ट्रातील मराठा, कुणबी, आगरी, कोळी, भंडारी या जातींनी हा नियम कधी मानला नाही. त्यामुळे कोंबडी ही अस्पृश्यतेची खूण झाली नाही. उलट गावकूस ओलांडणारी ती एकमेव वस्तू झाली. आमच्या हातचे पाणी गावाला चालत नसे, पण आजीच्या डालग्यातली अंडी चालत. आजी म्हणायची, "पानी बाटतं, आंडं नाय बाटत." अंडी घेणारी बाई पैसे वरून टाकी आणि अंडी मात्र निवडून, हातात घेऊन, उजेडाला धरून पाही. विटाळाचा सिद्धांत गरजेपुढे किती वाकतो हे आजीला कुणी शिकवावे लागले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद झाली. चवदार तळ्याचे पाणी आपण सगळे आठवतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असे सांगितले. गावोगाव लोकांनी ते पाळले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळण्यात आली. मृत मांस सोडणे म्हणजे मांसाहार सोडणे नव्हे. ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. आपण सोडले ते हीनपणाचे अन्न, गावाने फेकलेले अन्न. ढोराचे मांस बंद झाले तेव्हा आमच्या वाडीत सणाला, पाहुण्याला, बाळंतिणीला जे शिजले ते घरी वाढवलेले, घरी कापलेले कोंबडे. ते ताजे होते आणि ते कुणी दिलेले नव्हते. स्वाभिमानाला चव असते असे कुणी म्हटले तर मला त्या रश्शाची आठवण होते.

तो रस्सा कसा होई तेही लिहून ठेवले पाहिजे, कारण ही विद्या आता जात चालली आहे. आदल्या संध्याकाळी कोंबडे डालून ठेवायचे. दाणा द्यायचा नाही, पाणी तेवढे द्यायचे, म्हणजे आतडे रिकामे राहते. सकाळी पंख व पाय दाबून धरून नरडे एका घावात कापायचे आणि रक्त पुरते गळून जाईपर्यंत सोडायचे नाही. मग गरम पाणी, पण उकळते नव्हे. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. पिसे काढली की गवताच्या जाळावर लव भाजायची. गळ्यातली दाण्याची पिशवी अलगद ओढायची. पोट फोडताना कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटता कामा नये, नाहीतर सारे मांस कडू. पेटा चिरून आतले खडे झाडायचे आणि पिवळी साल सोलायची. पाय भाजून त्यांचेही कातडे काढायचे. पिसे आणि आतडी परसात पुरायची. सहा महिने वाढवलेले कोंबडे सव्वा किलोच्या आसपास भरे आणि जेवणारी तोंडे अकरा. म्हणून रस्सा पातळ, आणि त्यात पाय, मान, पेटा सगळे. काहीही टाकले जात नसे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वाडीत एक पेच उभा राहिला. पूर्वी वर्षाकाठी सीमेवरच्या देवाला राखणीचा कोंबडा द्यावा लागे. दीक्षेनंतर तो बंद झाला. देवच सोडला, मग त्याचा कोंबडा कशाला? गावाने कुरकुर केली, पण वाडी हलली नाही. खरा प्रश्न पुढचा होता. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दयेची प्रतिज्ञा आहे. मग घरी कोंबडे कापावे की नाही? आमच्या घरी यावर वर्षानुवर्षे वाद झाले. वडील म्हणत, कापू नये. आई म्हणे, विकत आणून खायचे तर दुसऱ्याच्या हाताला रक्त लावायचे, त्यापेक्षा आपल्या हाताने कापावे.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार केला आहे. तेथे त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला, आणि मारण्याची हौस व मारण्याची गरज यांतही भेद केला. ब्राह्मणी यज्ञातली हौसेची हत्या एका टोकाला आणि कधीच न मारण्याचा जैन आग्रह दुसऱ्या टोकाला. बुद्धाचा मार्ग या दोहोंच्या मधला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आईने तो ग्रंथ वाचला नव्हता. ती निरक्षर होती. पण देवापुढचे कोंबडे तिने बंद केले आणि पाहुण्यापुढचे चालू ठेवले. मला वाटते, तो भेद तिला कळला होता. ज्यांना तिचे म्हणणे पटत नाही अशा बौद्धांचाही मी आदर करते. पण त्यांनी आपले शाकाहार धम्मातून काढावे, शेजाऱ्याच्या सोवळ्यातून काढू नये.

आता तिसरा टप्पा. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. वतनाबरोबर राबणूक गेली, पण जमीन थोड्यांच्याच हाती राहिली. नंतर कोंबडी हा 'व्यवसाय' झाला. १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि पुणे हे या धंद्याचे मोठे ठाणे बनले. सहा आठवड्यांत दोन किलोचे होणारे ब्रॉयलर आले. खाद्याचा हिशेब पक्का: साधारण पावणेदोन किलो खाद्याला एक किलो वजन. देशी कोंबडी उकिरड्यावर फुकट जगत होती. ब्रॉयलरला मका, सोयाबीनची पेंड, शेड, वीज, लस आणि भांडवल लागते. म्हणजे जमीन आणि पत लागते. आपल्याकडे यांपैकी काय होते?

ऐंशीच्या दशकात माझ्या चुलत्यांनी एका योजनेतून कर्ज काढून पन्नास पांढऱ्या कोंबड्या आणल्या. मानमोडीची लस वेळेवर मिळाली नाही. या रोगाला राणीखेत म्हणतात, कारण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुमाऊँच्या त्या गावी तो आपल्या देशात ओळखला गेला. त्यावर देशातच तयार झालेली लस चाळीसच्या दशकापासून आहे. विद्या होती, ती आमच्या वाडीपर्यंत आली नाही. आठ दिवसांत कोंबड्या माना मोडून मेल्या. कर्ज सहा वर्षे जिवंत राहिले. ज्या कोंबडीने आजीला स्वतंत्र केले, तिनेच चुलत्यांना ऋणको केले. दोष पाखराचा नव्हता. फुकट जगणारे धन काढून घेऊन विकत जगवायचे धन हाती दिले, हा तो फरक.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातील हा पहिलाच उद्रेक. मोठ्या शेडांतील लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि भोवतालच्या आदिवासी पाड्यांतल्या अंगणातल्या कोंबड्याही. रोगाला आवर घालायचा तर ते करावे लागले असेल. पण शेडवाल्याचे नुकसान धंद्याचे असते. पाड्यावरच्या बाईची त्या दिवशी पेढीच बुडाली.

आणि आता शांतीनगर. एकेकाळी मिठागरे, खाजण आणि आगरी-कोळ्यांची गावे असलेल्या या भागात ऐंशीच्या दशकापासून इमारती उठल्या. मुंबईच्या चाळींतून, झोपड्यांतून माणसे येथे आली. आम्हीही आलो. १९८५ मध्ये नगरपालिका, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०१५ मध्ये याच महानगरपालिकेने पर्युषणात मांसविक्रीवर आठ दिवसांची बंदी जाहीर केली. मुंबईतील बंदीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती मिळाली. मासळीवर बंदी का नाही, या प्रश्नावर, मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल करावी लागत नाही, असा युक्तिवाद सरकारच्या बाजूने झाला. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. जागा बदलते, प्रश्न तोच.

या वादांत दोन्ही बाजूंनी 'मांसाहारी बहुजन' असे सरसकट बोलले गेले. पण दुकानाच्या मागल्या बाजूला कोण उभे असते? पहाटे टेम्पोतून पाय बांधलेल्या कोंबड्या उतरवणारा, दिवसभर ओल्या फरशीवर उभा राहून सोलणारा, संध्याकाळी पिसे-आतड्यांची पिंपे उचलणारा कोण? खाणाऱ्याचा हक्क मोठ्याने बोलला जातो. कापणाऱ्याचे नाव पाटीवर नसते. जुन्या गावगाड्यात घाण उचलणारा गावाबाहेर होता. नव्या नगरात तो दुकानाच्या पडद्याआड आहे.

त्या सप्टेंबरात आईने दोन्ही कोंबड्या गावाकडे जाणाऱ्या नातलगाबरोबर धाडून दिल्या. कापल्या नाहीत. "हौस म्हणून कापायची नाय," एवढेच म्हणाली. २०१९ मध्ये ती गेली. खिडकीमागचे खोके अजून आहे. त्यात शेजाऱ्यांची मुले चेंडू ठेवतात.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न लिहून ठेवले. कोकणचे, खानदेशचे, विदर्भाचे असे लिखाण आपण गोळा केले पाहिजे, आणि त्यात केवळ पाककृती नकोत. अर्धेलीचा करार कसा होता, अंड्याचे पैसे कुणाच्या पदरात पडत, राखणीचा कोंबडा कुठल्या वाडीने कुठल्या साली बंद केला, हे विचारले पाहिजे. हे कुठल्याही दप्तरात नाही. ते आपल्या म्हाताऱ्या बायांजवळ आहे. मी आईला वेळेवर विचारले नाही, आणि तिच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर येथे देऊ शकले.