बिनखटल्याच्या कैदेची कुळकथा

७ एप्रिल १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कलकत्त्यात एक आटोपशीर कायदा केला. बंगालचे तिसरे रेग्युलेशन म्हणून तो ओळखला जातो. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागून तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते आणि दुसरा बाजीराव अजून फौजांना हुलकावण्या देत फिरत होता. कायद्याची उद्देशिका आजही वाचण्यासारखी आहे, कारण तीत आडपडदा नाही. काही माणसांविरुद्ध खटला भरण्याइतका आधार नसतो, किंवा आधार असला तरी खटला भरणे सोयीचे नसते. तरीही परराज्यांशी केलेले तह, संस्थानांतली शांतता आणि मुलखाची सुरक्षितता यांसाठी त्यांना अडकवून ठेवणे भाग पडते, असे ती सरळ सांगते. गव्हर्नर जनरलचे वॉरंट पुरे. पुढे कोर्टात काही होईल अशी अपेक्षाही नाही. पुरावा नाही म्हणून कैद, ही कबुली इतक्या स्वच्छ शब्दांत नंतरच्या कोणत्याही सरकारने दिलेली नाही. नंतरच्या कायद्यांनी या कैदेला मुदती दिल्या, सल्लागार मंडळे दिली, पुनर्विचाराच्या तरतुदी दिल्या. ज्या एका सोयीसाठी ती जन्मली, म्हणजे पुराव्याच्या परीक्षेला न बसता माणूस आत ठेवता यावा, ती सोय मात्र वारसांनी जपली. आज मानवी हक्कांचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे बिनशिक्षेचे तुरुंगात असतात ते याच सोयीमुळे.

हा कायदा मुळात राजेरजवाड्यांना आणि सरदारांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता, म्हणून त्यात कैद्याची प्रतिष्ठा सांभाळण्याची कलमे आहेत. कैदी ज्याच्या ताब्यात असेल त्या अधिकाऱ्याने दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी त्याचे वर्तन, प्रकृती आणि सुखसोयी यांचा अहवाल पाठवायचा. कैदेमुळे तब्येत ढासळते आहे का, कैद्याला आणि त्याच्या कुटुंबाला मिळणारा तनखा त्यांच्या दर्जाला साजेसा आहे का, हेही कळवायचे. पराभूत शत्रूला पाहुण्यासारखे ठेवण्याची ही रीत होती. तिची किंमत पुढच्या पिढ्यांना कळली, कारण मान गेला आणि कैद उरली. १८१९ मध्ये मद्रासने आणि १८२७ मध्ये मुंबईने या कायद्याची आपापली आवृत्ती काढली. मुंबईची आवृत्ती म्हणजे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन. ते सत्तर वर्षांनी पुण्यात वापरले गेले.

१८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून जे चालवले होते त्याच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेणाऱ्यांत सरदार बाळासाहेब नातू होते. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि जुलै संपायच्या आत बाळासाहेब आणि त्यांचे बंधू तात्यासाहेब पंचविसाव्या रेग्युलेशनखाली कैदेत पडले. या एका प्रकरणात सरकारपुढचे तिन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. खून करणाऱ्या दामोदर चापेकरांना पोलिसांनी शोधले, त्यांच्यावर रीतसर खटला चालला आणि एप्रिल १८९८ मध्ये त्यांना फाशी झाली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्याच्या निकालाबद्दल कोणाला काहीही वाटो, आरोप काय आहे ते टिळकांना माहीत होते आणि ज्यूरीपुढे बाजू मांडता आली. नातू बंधूंवर मात्र कसलाच आरोप ठेवला गेला नाही. आरोप नाही म्हणून खटला नाही, खटला नाही म्हणून सुटण्याची तारीख नाही. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी हा प्रश्न मांडला. नातू सुटले ते १८९९ मध्ये, तेही कोर्टाच्या हुकमाने नव्हे. सरकारला वाटले म्हणून.

पुढची यादी ओळखीची आहे. लाला लजपत राय आणि अजितसिंग यांना १९०७ मध्ये १८१८ च्याच कायद्याने मंडालेला नेले. १९१९ च्या रौलट कायद्याने महायुद्धकाळातले अधिकार शांततेतही चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतला स्थानबद्धतेचा सव्विसावा नियम आला. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने हा नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा म्हणून रद्द ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून मूळ कायदाच मागील तारखेपासून दुरुस्त केला. कोर्टाने दार उघडावे आणि सरकारने कुलूप बदलावे, हा खेळ तेव्हापासून अनेकदा झाला आहे.

स्वातंत्र्यानंतर हे सगळे संपायला हवे होते, आणि ते संपले नाही याचा दोष केवळ इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. घटना समितीने कलम २१ मधून ‘ड्यू प्रोसेस’ची, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची, अट वगळली. कायद्याने ठरवलेली पद्धत पाळली म्हणजे झाले, मग ती पद्धत न्याय्य असो वा नसो, असा अर्थ निघू लागल्यावर समितीत आणि बाहेर अस्वस्थता पसरली. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आजचे कलम २२ मांडले ते त्या वगळण्याची भरपाई म्हणून. त्यात अटकेची कारणे कळवण्याची, वकिलाची आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची हमी आहे. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला यातल्या वकिलाच्या आणि दंडाधिकाऱ्याच्या हमीतून वगळले आहे. त्याच्या वाट्याला तीन महिन्यांपुढच्या कैदेसाठी सल्लागार मंडळ येते, आणि कारणे कळवतानाही सार्वजनिक हिताच्या नावाखाली तपशील झाकून ठेवण्याची सरकारला मुभा आहे. आणखी एक गोष्ट सातव्या परिशिष्टात दिसते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि देशाची सुरक्षितता या कारणांसाठी स्थानबद्धतेचे कायदे करण्याचा अधिकार तिथे संसदेला दिला आहे. ही कारणे १८१८ च्या उद्देशिकेशेजारी ठेवली तर नाते सांगायला वंशावळकाराची गरज पडत नाही.

राज्यघटना लागू होऊन महिना झाला तोच फेब्रुवारी १९५० मध्ये सरदार पटेलांनी प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा आणला. त्यापायी झोप उडाल्याचे त्यांनी संसदेत सांगितले, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. स्वतः ते अहमदनगरच्या किल्ल्यात बिनखटल्याचे राहून आले होते. एका वर्षासाठी आणलेला तो कायदा १९६९ च्या अखेरपर्यंत टिकला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, फक्त स्थानबद्धतेची कारणे कोर्टालाही सांगू नयेत असे म्हणणारे चौदावे कलम रद्द केले. १९७१ मध्ये मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, आला, आणि आणीबाणीत त्यात १६-अ कलम घालून नेमकी तीच गुप्तता परत आणली. सुमारे पस्तीस हजार माणसे त्याखाली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी आणीबाणीत या कैदेविरुद्ध कोर्टात येताच येत नाही असा निकाल दिला. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जनता राजवटीत मिसा गेला, आणि १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. तो आजही आहे.

त्याचा वापर कसा होतो ते डॉ. कफील खान यांच्या प्रकरणात दिसते. अलीगढच्या भाषणाबद्दल अटक झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये जामीन मिळाला, आणि ते बाहेर पडण्याआधी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला तो आदेश बेकायदा ठरवला तोवर सहा महिन्यांहून अधिक काळ गेला होता. स्थानबद्धता रद्द होते तेव्हाही ती भोगून झालेली असते. मात्र अलीकडे सरकारांना स्थानबद्धतेची तितकी गरज उरलेली नाही. २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यामध्ये, ४३-ड कलम घातले गेले. त्यानुसार आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असतील तर जामीन नाही, आणि आरोपपत्रासाठी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत. २०१९ च्या वटाली निकालाने जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची छाननी करू नये असे सांगितले. म्हणजे खटला कागदावर आहे, पण कैद खटल्याच्या आधीच पूर्ण होते. कोरेगाव भीमा प्रकरणात वर्षानुवर्षे आरोपनिश्चितीही न होता माणसे तुरुंगात राहिली. त्यांतल्या फादर स्टॅन स्वामींना हातांच्या कंपामुळे पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाची सुनावणी प्रलंबित असताना ते मुंबईत गेले. १८१८ च्या रेग्युलेशनने तब्येतीचा सहामाही अहवाल तरी मागितला असता. दिल्लीत विद्यार्थी नेता उमर खालिदच्या अटकेला पाच वर्षे झाली तेव्हाही आरोप निश्चित झालेले नव्हते.

यावर आक्षेप असा की बॉम्बस्फोट खरे असतात, साक्षीदार खरोखर घाबरतात, आणि रोखण्यासारखा गुन्हा घडून गेल्यावर खटला काय कामाचा? आक्षेप पोकळ नाही. पण १८९७ मध्येही रँडचा खून खरा होता, आणि तो उलगडला साध्या तपासाने आणि साध्या खटल्याने. नातूंच्या कैदेने त्यात काडीचीही भर घातली नाही. साक्षीदारांच्या भीतीवर संरक्षण देता येते, साक्ष बंद दाराआड घेता येते. उलट पुरावा लागतच नाही असे कळले की तपास करण्याची गरजच उरत नाही, आणि खरा गुन्हेगारही त्याचाच फायदा घेतो. दुसरा आक्षेप असा की यूएपीए हा फौजदारी कायदा आहे, त्याला स्थानबद्धता म्हणणे अन्यायाचे. न्यायालयांनीच याचे अर्धे उत्तर दिले आहे: २०२१ च्या नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर ४३-ड कलम जामिनाच्या आड येणार नाही असे म्हटले. खटला वेळेत चालत नाही हे गृहीत धरूनच ही वाट काढावी लागली.

उरतो तो राज्यघटनेचा आधार. राज्यघटनेतच स्थानबद्धता आहे, मग तक्रार कशाची? पण आणीबाणीतून बाहेर पडलेल्या संसदेने १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम २२ बदलले होते: तीन महिन्यांचे दोन महिने केले, आणि सल्लागार मंडळाची रचना संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवर सोपवली. दुरुस्ती मंजूर झाली, राष्ट्रपतींची संमती मिळाली, बाकीची बहुतेक कलमे लागू झाली. कलम २२ चा बदल लागू करण्यासाठी केंद्र सरकारने राजपत्रात फक्त एक तारीख जाहीर करायची होती. तेव्हापासून केंद्रात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, त्यांत मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांचीही. ती तारीख अजून जाहीर झालेली नाही.