मेरी कॅसट : एक परदेशस्थ चित्रकर्त्री

इ. स. १८९३ हे साल उच्चारले की आपल्या मनात शिकागो शहर उभे राहते, ते स्वामी विवेकानंदांच्या सर्वधर्मपरिषदेतील भाषणामुळे. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती परिषद भरली, त्याच प्रदर्शनात स्त्रियांच्या कर्तृत्वासाठी एक स्वतंत्र इमारत उभारण्यात आली होती. तिचा आराखडा सोफिया हेडन ह्या तरुण वास्तुविशारद स्त्रीने केला होता आणि कारभार बर्था पामर ह्यांच्या अध्यक्षतेखालील महिलामंडळाकडे होता. मुख्य दालनाच्या दोन टोकांना, छताजवळ, दोन प्रचंड चित्रे लावली होती. एकाचा विषय होता पुरातन स्त्री. दुसऱ्याचा, आधुनिक स्त्री. हे दुसरे, सुमारे ५८ फूट लांबीचे चित्र पॅरिसमध्ये राहणाऱ्या मेरी कॅसट ह्या अमेरिकन चित्रकर्त्रीने काढले होते.

चित्राच्या मध्यभागी एक फळबाग होती आणि तीत तरुणी ज्ञानाची फळे तोडून लहान मुलींच्या हाती देत होत्या. बायबलातील ईव्हने ज्ञानवृक्षाचे फळ तोडले आणि ते मानवजातीचे आदिपाप ठरले. मेरीने त्याच कथेतील पाप काढून टाकले आणि फळ तेवढे ठेवले. चित्रात पुरुष एकही नव्हता. टीकाकारांना आकृती खालून पाहताना फार लहान वाटल्या, रंग भडक वाटले. प्रदर्शन संपले, इमारत पाडली गेली आणि ते चित्र कोठे गेले ह्याचा पत्ता आजवर लागलेला नाही. त्याची छायाचित्रे मात्र उरली आहेत.

मेरीचा जन्म २२ मे १८४४ रोजी पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी सिटी येथे एका सधन कुटुंबात झाला. कलेचे पहिले शिक्षण तिने फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कला अकादमीत घेतले. मराठी वाचकाला हे शहर अपरिचित नाही. येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. स्त्रियांना वैद्यक शिकविण्याची सोय ह्या शहराने १८५० सालीच केली होती. कलाशाळेतील परिस्थिती मात्र वेगळी होती. स्त्रियांना प्रवेश असला तरी प्रत्यक्ष देहावरून रेखाटन करण्याचा वर्ग मेरीच्या विद्यार्थिदशेत त्यांना बंद होता. मानवाकृती शिकायची ती पुतळ्यांवरून.

१८६५ च्या अखेरीस ती पॅरिसला गेली. तेथील सरकारी कलाविद्यालयाची दारे तर स्त्रियांना १८९७ पर्यंत उघडली नाहीत. तेव्हा ज्यां-लेओं जेरोम ह्या नामांकित चित्रकाराची खाजगी शिकवणी घ्यायची आणि लूव्हर संग्रहालयात बसून थोरांच्या चित्रांच्या नकला करायच्या, हाच तिचा अभ्यासक्रम झाला. १८६८ साली तिचे एक चित्र 'सालों' ह्या सरकारमान्य प्रदर्शनात स्वीकारले गेले. परंतु १८७० च्या युद्धामुळे तिला मायदेशी परतावे लागले आणि तेथे वडिलांनी, अन्नवस्त्राचा खर्च करू, रंगांचा नाही, अशी भूमिका घेतली. विकण्यासाठी शिकागोस पाठविलेली तिची काही चित्रे १८७१ च्या अग्निप्रलयात जळाली. त्याच सुमारास पिट्सबर्गच्या बिशपनी इटलीतील पार्मा येथे जाऊन कोरेज्जोच्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम दिले आणि त्या आधारावर ती पुन्हा युरोपात गेली. १८७४ मध्ये तिने पॅरिसमध्ये कायमचे बिऱ्हाड थाटले.

एका दुकानाच्या काचेआड मांडलेली एदगार दगाची चित्रे पाहून तिची दृष्टीच पालटली. १८७७ साली 'सालों'ने तिची चित्रे नाकारली, आणि त्याच वर्षी खुद्द दगाने तिला आपल्या बंडखोर मंडळीत येण्याचे निमंत्रण दिले. ही मंडळी म्हणजेच इम्प्रेशनिस्ट. १८७९, १८८०, १८८१ व १८८६ ह्या त्यांच्या प्रदर्शनांत मेरीची चित्रे होती. ह्या गटात प्रदर्शन करणारी अमेरिकन व्यक्ती ती एकटीच.

तिच्या सहकाऱ्यांना रंगभूमीच्या पडद्यामागे, मद्यगृहांत, रात्रीच्या रस्त्यांवर विषय सापडत. कुलीन अविवाहित स्त्रीला ही दारे बंद होती. तिच्या वाट्याला आले ते दिवाणखाना, बाग, नाट्यगृहातील सज्जा आणि मुलांची खोली. पण एवढ्याशा जगात तिने जे पाहिले, ते इतरांनी पाहिले नव्हते. १८७८ च्या सुमारास काढलेल्या चित्रात तिची आई वर्तमानपत्र वाचीत बसली आहे. नाकावर चष्मा आहे, लक्ष सारे छापील मजकुरात आहे. चित्र पाहणाऱ्याची तिला दखलही नाही. त्याच काळातील नाट्यगृहाच्या चित्रात काळ्या पोशाखातील स्त्री दुर्बिणीतून स्वतः काहीतरी न्याहाळीत आहे आणि दूरच्या सज्जातून एक पुरुष तिला न्याहाळीत आहे. चित्रकलेत स्त्री ही शतकानुशतके पाहिली जाणारी वस्तू होती. मेरीची स्त्री स्वतः पाहते.

माता आणि मूल ह्या विषयाने तिला कीर्ती दिली आणि तिचे काहीसे नुकसानही केले. 'वात्सल्याची चित्रकर्त्री' असे म्हणून तिला कोपऱ्यात बसविणे सोपे झाले. ती स्वतः अविवाहित होती. तिच्या चित्रांतील कित्येक माता ह्या वस्तुतः मोलाने बसविलेल्या स्त्रिया होत्या. १८९३ चे 'मुलाचे स्नान' हे चित्र पाहावे. त्यात भावविवशता कोठेही नाही. एक हात मुलीच्या कमरेभोवती घट्ट आहे, दुसरा तिचा पाय पाण्यात धरून आहे, आणि दोघींची नजर एकाच तसराळ्यात उतरली आहे. मूल वाढविणे हे काम आहे, त्यात हातांचे कौशल्य आहे, हे ती दाखविते.

ह्या चित्रातील वरून खाली पाहणारी दृष्टी आणि सपाट रंगांच्या पट्ट्या जपानी कलेच्या आहेत. १८९० साली पॅरिसमध्ये जपानी ठशांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याने भारावून जाऊन तिने पुढील वर्षी दहा रंगीत मुद्राचित्रांची मालिका केली. पत्र लिहून पाकीट बंद करणारी, अंगावर कपडा बेतून घेणारी, केस बांधणारी अशा साध्या स्त्रिया त्यांत आहेत. जपानी कलावंत लाकडावर कोरीत; मेरीने तांब्याच्या पत्र्यावर सुईने व आम्लाने काम केले. प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यावर हाताने नव्याने रंग भरावे लागत. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती काढल्या. दिवसभर राबून आठ-दहा प्रती निघाल्या तर पुष्कळ. मुद्रक लरुआ ह्याचे नाव तिने आपल्याबरोबर प्रतींवर नोंदविले.

तिचे दुसरे मोठे कार्य पडद्याआडचे आहे. लुईझीन एल्डर ह्या तरुण मैत्रिणीस तिने दगाचे एक चित्र ५०० फ्रँकांना घ्यावयास लावले. पुढे लुईझीन साखरसम्राट हॅव्हमेयर ह्यांची पत्नी झाली आणि मेरीच्या सल्ल्याने त्या घरात एक अपूर्व संग्रह जमला. १८७४ नंतर मेरी मायदेशी क्वचितच गेली. परंतु १९२९ साली त्या संग्रहाचा मोठा भाग मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. दूर राहिलेल्या ह्या कन्येने मायदेशाचे ऋण असे फेडले. आपल्यापैकी ज्यांचे सारे आयुष्य परप्रांती चाकरीत गेले, त्यांना ह्यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही आणि १९१४ च्या सुमारास ब्रश खाली ठेवावा लागला. तरीही १९१५ साली स्त्रियांच्या मताधिकाराच्या निधीसाठी लुईझीनने न्यूयॉर्कमध्ये भरविलेल्या प्रदर्शनात तिची चित्रे दगाच्या चित्रांशेजारी लागली. अमेरिकन स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार १९२० मध्ये मिळाला. १४ जून १९२६ रोजी फ्रान्समधील बोफ्रेन येथील आपल्या घरी तिने देह ठेवला.

शिकागोने तिची चित्रे दोनदा गिळली. मात्र 'मुलाचे स्नान' त्याच शहरातील आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रही आहे. विवेकानंद जेथे बोलले तीच ही वास्तू. आधुनिक स्त्रीचे ५८ फुटी रूपक नाहीसे झाले. तसराळ्यावर वाकलेली ती साधी बाई राहिली. कदाचित आधुनिक स्त्रीचे खरे चित्र तेच असेल.