खानदेशांतील फळबागाईतदारांच्या सभा

ज्युबिलीच्या अंकांत देवळाचा व धर्मग्रामाचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या लोकांचें देऊळ, ते लोक कोणत्या मातींतून भाकरी मिळवितात ह्याचाही इतिहास असतो, आणि तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. धरणगांवच्या आसपास हा इतिहास बव्हंशीं कापसाचा आहे. तापीकांठीं तो केळीचा आहे. फळें पिकवून विकणाऱ्या आपल्या मुलखांतील शेतकऱ्यांस ज्ञान व साह्य कोणत्या मार्गांनीं मिळत गेलें, आणि त्यांतलें कोणतें टिकलें, ह्याचा थोडक्यांत विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

धरणगांव हें जुनें व्यापाराचें गांव. सतराव्या शतकांत त्याची भरभराट एवढी होती कीं, इंग्रज व्यापाऱ्यांनीं १६७४ सालीं येथें आपली वखार घातली. पुढें कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर १८२५ सालीं औट्रम साहेबांनीं उभारलेल्या भिल्ल पलटणीचें ठाणेंही येथेंच झालें. शेतीच्या बाबतींत मात्र सरकारची दृष्टि ह्या गांवाकडे वळली ती कापसामुळें. विलायतेच्या गिरण्यांस स्वच्छ कापूस हवा होता. म्हणून १८५५ सालीं सरकारनें येथें सरकी काढण्याचीं यंत्रें बसविलीं व त्यांवर युरोपियन अधिकारी नेमिला. तो कारखाना टिकला नाहीं. कालांतरानें मोडून टाकण्यांत आला. सुधारणेचा हा प्रयत्न वरून आला आणि वरच्यावरच निघून गेला.

त्याच शतकाच्या उत्तरार्धांत भडगांव येथें सरकारी नमुन्याची शेती निघाली. नवीं बियाणें व नवीं अवजारें तेथें वापरून पाहत. अशा शेतीचा उपयोग नाहीं असें नाहीं. परंतु खजिन्याच्या पैशानें केलेला प्रयोग फसला तर तो कागदावर नोंदला जातो, आणि कर्ज काढून केलेला फसला तर सावकार दारीं येतो. हा भेद शेतकऱ्यास पक्का ठाऊक होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत शेतकीचीं प्रदर्शनें भरवावीं, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्या आणि उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावीं, अशी सूचना केली. तिचें मर्म हें कीं, शेतकरी हा केवळ शिकविला जाणारा नसून दुसऱ्यास शिकवूं शकणाराही आहे.

वास्तविक खानदेशास ही गोष्ट नवी नव्हती. पांझरेसारख्या नद्यांवर इंग्रजी अमलाच्याही पूर्वींपासून फड पद्धति चालत आलेली आहे. नदीस बंधारा घालून पाटानें पाणी शेतांवर नेतात. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडलेले असतात. एका फडांत एका हंगामांत एकच पीक, आणि कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें शेतकरी एकत्र बसून ठरवितात. पाणी देणारा पाटकरी व देखरेख करणारा हवालदार हेही त्यांनींच नेमावयाचे. पाणी कमी पडलें तर एकाचें शेत भिजावें व दुसऱ्याचें सुकावें असें होत नाहीं. भिजणारें क्षेत्रच सर्वांनीं मिळून कमी करावयाचें. ह्या व्यवस्थेस कोणी शिक्षण म्हटलें नाहीं. तथापि अशा बैठकींत मुलगा बापाच्या शेजारीं बसला म्हणजे पाण्याचा हिशेब आणि शेजाऱ्याचा हक्क हीं दोन्ही एकदमच शिके. पुढें मोठीं धरणें झालीं, विहिरींवर यंत्रें बसलीं, आणि पुष्कळ फड मोडकळीस आले.

केळीनें शेतकऱ्यास दुसऱ्या कारणासाठीं एकत्र आणलें. रावेर व यावल ह्या तालुक्यांत तापीकांठची काळी जमीन आणि विहिरींचें पाणी ह्यांच्या बळावर ही बागाईत वाढली. बसराई ही ठेंगणी जात येथें फार दिवस घरोघर होती. मृगाच्या पावसाबरोबर लाविली तर मृगबाग, पावसाळा सरल्यावर लाविली तर कांदेबाग, आणि एक घड उतरल्यावर त्याच कंदाच्या पिलावर दुसरें पीक घेतलें तर पिलबाग, असे तिचे प्रकार आहेत. परंतु लावणी कोणतीही असो, हा माल साठवितां येत नाहीं. ज्वारी कणगींत राहते, कापूस कोठारांत राहतो; केळीचा घड उतरला म्हणजे थोडक्या दिवसांत त्याचें सोनें तरी व्हावयाचें किंवा माती तरी. भुसावळ–खांडवा मार्गावरील रावेर, निंभोरा, सावदा ह्या स्टेशनांवरून आगगाडीचे डबे भरून केळीं दिल्लीकडे जाऊं लागलीं. एकट्या शेतकऱ्यानें डबा भरणें कठीण. तेव्हां अनेकांचा माल एकत्र करणें भाग पडलें. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांस जागा दिली होती. १९१२ च्या कायद्यानें विक्रीसाठींही संस्था काढतां येऊं लागल्या. फळविक्रीच्या सहकारी संस्था ह्याच पायावर उभ्या राहिल्या. बऱ्हाणपूरच्या बाजारांत आज काय भाव फुटला, हा प्रश्न केळी उत्पादकाच्या तोंडीं अजूनही असतोच, कारण येथील भाव पुष्कळ काळ त्या बाजाराकडे पाहून ठरत आला आहे. भाव एकट्यास कळला तर त्याचा फायदा व्यापाऱ्यास. दहाजणांस एकदम कळला तर शेतकऱ्यास.

ह्याच केळीच्या मुलखांत, यावल तालुक्यांतील फैजपूर येथें, डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा पायीं चालत तेथें येऊन पोंचला, आणि अधिवेशनानें सारा व खंड कमी करणें, कर्जाचा भार हलका करणें, पाटाच्या पाण्याची पट्टी उतरविणें अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. बागेस ज्ञान हवें हें खरें. पण ज्ञान अमलांत आणावयास हातीं चार पैसे हवेत, हेंही तेथें सर्वांसमोर मांडलें गेलें.

स्वराज्यानंतर साह्याचे मार्ग वाढले. १९६८ सालीं राहुरी येथें महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झालें. जळगांवचें केळी संशोधन केंद्र त्याच्याच कक्षेंत आहे. पाल व ममुराबाद येथें कृषि विज्ञान केंद्रें चालतात. १९९० पासून राज्य सरकारनें रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवड जोडली, व आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब असलीं झाडें लावणें कोरडवाहू शेतकऱ्यासही शक्य झालें. अनुदान तीन वर्षांच्या हप्त्यांनीं, आणि तेंही झाडें जगलीं तरच; ही अट शहाणपणाची होती. त्याच दशकांत जळगांवच्या जैन उद्योगसमूहानें ठिबक सिंचनाबरोबर ग्रँड नैन जातीचीं टिश्यू कल्चरचीं रोपें शेतकऱ्यांपर्यंत नेलीं, आणि बसराईची जागा ह्या नव्या जातीनें घेतली.

ह्या रोपांनीं मोठें काम केलें. पूर्वीं दुसऱ्याच्या बागेंतून कंद आणीत, आणि कंदाबरोबर त्या बागेचा रोगही येई. प्रयोगशाळेंतील रोप निरोगी निघतें, झाडें सारखीं वाढतात, घड थोडक्या अवधींत कापणीस येतात. परंतु रोप कोंवळें असतें. २०२० व त्यानंतरच्या पावसाळ्यांत कुकुंबर मोझॅक ह्या विषाणूनें रावेर–यावल भागांतील कोंवळ्या बागा धरल्या; पानांवर पिवळे पट्टे उमटले, आणि अनेकांस उभीं झाडें उपटावीं लागलीं. हा रोग झाडास एकदां लागला म्हणजे त्यास औषध नाहीं. मावा हा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. काकडी, भोपळा, टोमॅटो आणि बांधावरचें तण ह्यांवरही हा विषाणू राहतो. रोगट झाड दिसतांच उपटून नष्ट करणें, बागेंत काकडीच्या जातीचें पीक न घेणें, तण राहूं न देणें व माव्याचा बंदोबस्त करणें, एवढेच उपाय आहेत. आतां हें एकानें केलें व शेजाऱ्यानें केलें नाहीं तर काय उपयोग? मावा बांध ओळखीत नाहीं. येथें व्याख्यान ऐकून घरोघर जाणें पुरत नाहीं. साऱ्या शिवारानें एकाच आठवड्यांत हें काम करावयाचें, असा ठराव लागतो.

एकीचें फळ काय तें आपल्या जिल्ह्यानेंच पाहिलें आहे. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें रावेर तालुक्यांतील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषि विज्ञान केंद्राच्या खटपटीनें. जून २०२१ मध्यें तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचीं २२ टन केळीं दुबईस रवाना झालीं. असें मानांकन कायद्यानें एकट्यादुकट्या शेतकऱ्याचें नसतें. तें त्या मुलखाचें असतें.

परंतु वाचकहो, एक प्रश्न राहतोच. ह्या सभांस येतो कोण? ज्याच्या नांवावर सातबारा आहे तो. खंडानें जमीन कसणारा क्वचित् येतो. पिलें काढणारी व तण खुरपणारी बाई तर सहसा येतच नाहीं, कारण सभेची वेळ ही तिच्या मजुरीची वेळ असते. आणि पानावरचा पहिला पिवळा पट्टा तर बहुधा तिलाच दिसतो. तिला तो ओळखतां आला नाहीं, किंवा ओळखूनही कोणी विचारलें नाहीं, तर पंधरा दिवसांनीं मालकाच्या दृष्टीस पडेपर्यंत मावा पुढच्या बागेंत गेलेला असतो. तिची रोजी त्या बागेवर आहे. बाग उपटली तर तिचा हंगामही गेला. आपल्या धर्मग्रामांत आणि शेजारपाजारच्या वस्त्यांत अशीं घरें थोडीं नाहींत. म्हणून सभा मजुरी सुटल्यावर, बागेच्या बांधावर भरावी, फडाच्या जुन्या बैठकीप्रमाणें तींत सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि जिनें रोग प्रथम पाहिला तिनें प्रथम बोलावें.