बारा बंद आणि एक रविवार

संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी इथे काहीच लिहिलं नाही, कारण ते दोन दिवस मी नाड्या उलट्या करत बसले होते. शब्दशः! कापडाची बोटभर रुंद पट्टी उलट्या बाजूने शिवायची, टोकाला सेफ्टी पिन अडकवायची आणि ती पिन आतल्या आत सरकवत सरकवत अख्खी नाडी सुलटी करायची. अशा बारा. चौथ्या नाडीला पिन आत उघडली, आणि पुढचं विचारू नका.

या बारा नाड्या होत्या बाराबंदीच्या. लेक तीन वर्षांचा झाला की गड्ड्याला त्याला बाराबंदी घालायची, हे आमच्या घरी तो जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. बाजारात तयार मिळते हो, मला माहीत आहे. पण आज्जीने फोनवर "विकतची?" एवढंच विचारलं, आणि त्या एका शब्दात जे काही होतं त्यामुळे मी नवऱ्याला कापड आणायला पिटाळलं.

सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगते. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमध्ये वचनं रचणारे. संक्रांतीला त्यांची यात्रा भरते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, म्हणजे उंचच उंच सजवलेल्या काठ्या, आणि त्या पेलणारे हजारो लोक पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. पहिल्या दिवशी शहरातल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. मग होम मैदानावर होम, शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांवरची वस्त्रं उतरवायची. (लहानपणी मला होम मैदान म्हणजे इंग्रजीतलं घराचं मैदान वाटायचं. तसं फार चुकलेलंही नव्हतं म्हणा.)

अक्षता सोहळा म्हणजे लग्नच. कथा अशी सांगतात, की एक कुंभारकन्या रोज सिद्धरामेश्वरांच्या दारात सडा-रांगोळी करायची. तिने लग्नाची इच्छा सांगितली. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायची परवानगी दिली. दरवर्षी अख्खं सोलापूर त्या लग्नाला अक्षता टाकतं. मी हे पन्नास वेळा ऐकलं असेल, पण नाड्या उलट्या करताना पहिल्यांदा जाणवलं, की या बाईची कथेतली ओळख काय, तर रोजचं घरकाम. आणि नाव नाहीच. कुंभाराची मुलगी, बस्.

बाराबंदी हा एके काळी महाराष्ट्रातल्या पुरुषांचा नेहमीचा कपडा. बटणं नसताना अंगरख्याची दोन पाखं एकमेकांवर घ्यायची आणि बंदांनी बांधायची. मला एक इंजिनिअर म्हणून हा प्रकार फार आवडला. बंद सैल-घट्ट करता येतात, त्यामुळे एकच कपडा पोराला तीन वर्षं पुरतो, मग धाकट्याला जातो. काज नाही, बटण तुटण्याची भानगड नाही. फक्त शिवणारीचा जीव जातो. आमच्या घरची जुनी, मामाची बाराबंदी ट्रंकेतून काढून मोजली तर बंद आठच निघाले! आज्जीला विचारलं तर म्हणाली, "त्या साली लई काम होतं." विषय बंद.

हे "लई काम" काय होतं ते खोदायला गेले आणि हा लेख झाला.

आपल्याला वाटतं की धावपळ आपल्या पिढीने शोधून काढली. पूर्वीच्या बायकांना वेळच वेळ होता, म्हणून त्या करंज्या करायच्या, कपडे शिवायच्या, गोधड्या घालायच्या. कोकणातल्या एखाद्या वाड्यात असेलही तसं. सोलापुरात नव्हतं. १८७७ मध्ये मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांची कापड गिरणी इथे सुरू झाली, तीच आमची जुनी मिल. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्याच्या ताब्यात गेलं. आणि गिरणीत फक्त पुरुष नव्हते. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांमध्ये बायका असायच्या. आज्जीच्या सासूबाई वाइंडिंगलाच होत्या. म्हणजे सकाळी भाकऱ्या, मग गिरणी, मग परत भाकऱ्या.

आता रविवार. ज्या सुट्टीच्या जिवावर मी असले लेख लिहिते ती सुट्टी कुणी आणली, हे मला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि मुंबईची गिरणी कामगारांची संघटना त्यांची. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली, मागणी एकच, आठवड्याची सुट्टी. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली! १८९० मध्ये! त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढच्या वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचा दिवस जास्तीत जास्त ११ तासांचा झाला. अकरा तास ही सवलत होती, बरं का.

त्या दोघी काय बोलल्या असतील? सुट्टी हवी म्हणाल्या असणार हे नक्की. पण घरी आल्यावर त्यांच्या रविवारचं काय होणार होतं हे मी पैजेवर सांगते. आठवड्याचं धुणं, दळण, फाटलेलं शिवणं, आणि सणाचा आठवडा असेल तर सणाचं. पुरुषाचा रविवार सुटीचा, बाईचा रविवार कामाच्या जागेत बदल.

सोलापूरचं खाणं या नजरेने बघा. कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी वाळवून ठेवली की कित्येक दिवस टिकते, चुरून आमटीत घाला नाहीतर नुसती मोडून खा. शेंगाचटणी. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची, एकदा केली की पंधरा दिवस बघायला नको. आणि संक्रांतीची शेंगापोळी. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, गूळ, तीळ, वेलची, आणि पोळी काठापर्यंत लाटायची. पुरणपोळीसारखं ताटात पडेपर्यंत चुलीपाशी उभं राहायला नको. चार दिवस आधी करा, डब्यात भरा, आणि यण्णीमज्जनाला जाऊन काठ्या बघा. पाहुणे आले तर डबा उघडा आणि वर तुपाची धार. हे पदार्थ चविष्ट आहेतच, पण त्यांची रचना अशी आहे की केल्याची वेळ आणि खाल्ल्याची वेळ वेगळी करता येते. आमच्या भाषेत सांगायचं तर रात्रीचा बॅच जॉब. :)

(जाता जाता एक. शेंगदाणा आणि मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेली. म्हणजे सिद्धरामेश्वरांनी शेंगाचटणी खाल्लेली नाही. हे मी एकदा घरी बोलले होते. परत बोलणार नाही.)

शिवणाचंही तसंच. आज्जीच्या हिशोबात शिवण दोन प्रकारचं, बिनमुदतीचं आणि मुदतीचं. गोधडी बिनमुदतीची. जुनी लुगडी, धाव दोरा, चार टाके घातले, पोर रडलं, उठली, परत तीन दिवसांनी चार टाके. वर्षभर चालली तरी काही बिघडत नाही. बाराबंदी, सणाचं परकर-पोलकं मात्र मुदतीचं. ते त्या दिवशी अंगावर पाहिजेच.

मुदतीच्या शिवणासाठी मशीन आलं. सिंगरचं मशीन १८७० च्या दशकापासून हिंदुस्थानात विकलं जात होतं. मुंबईचे एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ कित्येक वर्षं त्यांचे इथले मुख्य एजंट. खरी युक्ती यंत्रात नव्हती, हप्त्यांत होती. थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे दरमहा. आपण ईएमआयला उगीच नवीन समजतो. गांधीजींना १९२४ मध्ये दिल्लीत एका तरुणाने विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तर त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई यंत्राचं. बायकोचे हाताने टाके घालण्याचे कष्ट बघून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. सिंगरचं चरित्र वाचलं तर प्रेमापेक्षा पैशाचाच संबंध जास्त दिसतो, आणि बायकांच्या बाबतीत तर त्याचं नाव न घेतलेलंच बरं. पण गांधीजींचा मुद्दा मला पटतो. कष्ट कमी होतात का, हीच यंत्राची परीक्षा.

आज्जीच्या घरी त्या परीक्षेचा निकाल वेगळा लागला. तिचं मशीन उषाचं. हा ब्रँड १९३० च्या दशकात कलकत्त्यात सुरू झाला. आजोबांनी ते हप्त्यांवर घेतलं, हौसेने, घरचे कपडे घरी शिवता यावेत म्हणून. मग आजोबांची गिरणी बंद पडली. सोलापूरला हे नवीन नव्हतं. जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद झाली, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली होती आणि तो खटला सुप्रीम कोर्टात गेला. कायद्याची मुलं तो अजून अभ्यासतात. आजोबांच्या वेळी कुणी वटहुकूम काढला नाही. हौसेचं मशीन पगाराचं झालं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. कष्ट कमी झाले नाहीत, कष्टांना दर लागला.

आणि यातली मेख अशी, की लोकांचे सण आले की तिचं काम वाढायचं. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रात्री दोनपर्यंत मशीन. चकलीची भाजणी आई दळून आणायची, तेव्हा आई अकरा वर्षांची. घरच्यांचे कपडे शेवटी. आई सांगते, एका नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं तरी तिच्या फ्रॉकला हात नव्हते... म्हणजे फ्रॉकचे हात. आज्जीने ते अंगावरच टाचले. तर मामाच्या बाराबंदीचे चार बंद कुठे गेले ते कळलं.

अशी घरं सोलापुरात गल्लोगल्ली होती आणि आहेत. पूर्वभागात घरातच माग, बायका कांड्या भरणार, टॉवेलच्या कडा शिवणार. त्याहून जास्त बायका घरी विड्या वळणार. पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, मोजून कारखान्यात द्यायच्या. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये केंद्राने वेगळा कायदा केला. मार्च २०२० मध्ये आम्ही लॅपटॉप घेऊन घरी बसलो आणि घर-ऑफिस एक झालं म्हणून केवढा गहजब केला! सोलापुरातल्या बाईला विचारायचं ना. आज त्याच शिलाईच्या जोरावर शहर गणवेशांचं केंद्र म्हणून ओळखलं जातं, २०१७ पासून गणवेशांची प्रदर्शनं भरवली गेली.

स्वयंपाकाची पुस्तकंही चाळली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. हजार! कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं, आणि त्यांची कमाल म्हणजे वाटी आणि चमच्याचं माप. सासू शेजारी नसलेल्या, शहरात नव्याने संसार मांडलेल्या मुलीला "अंदाजाने" म्हणजे किती ते सांगणारं कुणीतरी हवंच होतं. माझीही शेंगापोळी तिथूनच सुरू होते, नंतर आज्जीच्या फोनवर बिघडते. पण दोन्ही पुस्तकं चाळताना एक कॉलम शोधत राहिले, की हे करायला किती वेळ लागतो. वेळ मोजायची पद्धत आपल्याकडे उशिरा आली.

आता आकडे आहेत. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं होता, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत बायका २८९, पुरुष ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांनी आपलीही नऊ वाचवून घेतली.

मग मीही मोजलं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून. बाराबंदी: बेतणं आणि कापणं ५० मिनिटं, अंगाची शिलाई २ तास १० मिनिटं, बारा नाड्या ३ तास २५ मिनिटं. शेंगापोळ्या १८, त्यातल्या ४ फुटल्या, २ तास ४० मिनिटं. नवऱ्याने शेंगदाणे भाजून सोलून दिले, ३५ मिनिटं, आणि हे त्याने स्वतः दोनदा सांगितलं. तीन नाड्या त्याच्याकडून उलट्या करून घेतल्या, त्या वरच्या हिशोबात आहेत.

रविवारी रात्री आज्जीचा फोन आला. "काय करलालीस गं?"

म्हटलं, शेवटची नाडी लावतेय.

"किती लावलीस?"

"बारा."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "डाव्या काखेतली आतल्या अंगाला लाव. सगळे बाहेर लावतात अन् मग पोरं ओढतात."

मी बाहेरच लावली होती. उसवायला घेतली.