खानावळीचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत आम्ही खानावळीच्या इतिहासावर बोलणार, हे ऐकून शिरूर अनंतपाळातील आमचे एक वयस्कर स्नेही म्हणाले, "राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो. भाकरी-वरणाचा कशाचा आलाय इतिहास? खाल्लं, पाणी पिलं, झालं." त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले, पण ते पटले नाही. गेली तीसएक वर्षे हमाल-मजुरांत वावरताना आमच्या ध्यानात असे आले आहे की, माणूस पोटासाठी गाव सोडतो तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न मजुरीचा नसतो, छपराचाही नसतो. आज रात्री जेवायचे कुठे, हा असतो. तो प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यातल्या बहुतेक बाया होत्या, आणि त्यांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

शिजलेले अन्न पैसे घेऊन वाढणे ही आपल्या खेड्यांत फार जुनी चाल नव्हे. शहरांतल्या सरायांत भटियारे असत हे खरे. पण गावात आलेला वाटसरू कोणाच्या तरी ओसरीवर जेवे, यात्रेकरू अन्नछत्रात बसे, गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिके. भाकरीची किंमत लावणे हे कमीपणाचे मानीत. ही लाज मोडली ती रोख मजुरीने. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि पुढल्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचे माळ चिमण्यांनी भरून गेले. आपल्याला जवळचे सोलापूर. तेथली 'जुनी गिरणी' १८७७ ची. आपला निलंगा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. इकडचा माणूस दुष्काळ पडला की हैदराबादेकडे किंवा सोलापूरकडे पायी निघे. तो एकटाच निघे. बायको, लेकरे आणि म्हातारी माणसे गावी, कारण गिरणीचा पगार एका पोटापुरता आणि चाळीतली जागा पाठ टेकण्यापुरती.

गिरणगावातली खोली म्हणजे दहा बाय दहा, बारा बाय बारा. तीत दहा-पंधरा माणसे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर पडणार. अशा माणसांनी चूल कधी पेटवायची? तेव्हा त्याच चाळीत राहणारी एखादी बाई, बहुधा विधवा, किंवा जिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे अशी, दहा-वीस गडी जेवणाला धरी. हीच गिरणगावची खानावळ. पाटी नाही, टेबल नाही, गल्ल्याची पेटी नाही. पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकऱ्या थापायच्या, पहिल्या पाळीचे डबे भरायचे, दुपारी परतणाऱ्यांना ताटे वाढायची, रात्रपाळीवाल्यांची शिदोरी वेगळी. सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिचा आम्हांला अभिमान आहे. पण रविवारी तर खानावळीत जास्तच काम, कारण त्या दिवशी सगळे गडी घरी आणि जेवणात काही गोडधोड किंवा मटण पाहिजे.

आता यातला पैशाचा हिशेब पाहा. गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना पगारासाठी पुढल्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत सवड दिली. त्याआधी तर याहून उशीर होई. म्हणजे पहिल्या तारखेला कामावर लागलेला गडी चाळीस दिवस काम करून मग पैसे पाहणार. हे चाळीस दिवस तो काय खातो? तो खानावळवालीकडे उधारीवर जेवतो. ती ज्वारी-तांदूळ कोठून आणते? वाण्याकडून, उधारीवर. वाणी थांबला नाही तर सावकाराकडून व्याजाने, गळ्यातले गहाण टाकून. एका गड्याचे चाळीस दिवसांचे जेवण असे वीस गड्यांचे धरा. मालकाने पगार अडकवून ठेवायचा आणि त्या अडकलेल्या पगारावरचे व्याज चाळीतल्या विधवेने सावकाराला भरायचे, असा हा व्यवहार होता. गिरणीच्या भांडवलात शेअरवाल्यांचा वाटा लिहिलेला असतो. या बायांचा वाटा कोणी लिहिला नाही. आम्ही अर्थशास्त्र शाळेत शिकलो नाही, मिळेल ते पुस्तक दिव्याखाली बसून वाचले. पण या हिशेबात चूक आहे असे अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

मग संप येई. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. या संपांवर पुष्कळ लिहिले गेले. मालकांचे नुकसान किती, कामगारांचे किती, याचे आकडे निघाले. पण पगार बंद झालेल्या गड्यांना ज्यांनी महिनोन्महिने ताट वाढले, त्यांचे किती बुडाले हे कोणत्या युनियनच्या दप्तरात सापडते? आम्ही युनियनवाले आहोत, म्हणूनच हे बोलतो. कामगार म्हणजे ज्याच्या हातात पगाराचे पाकीट पडते तो, अशी आमची समजूत होती. त्या पाकिटाच्या आधी ताट ठेवणारी आम्हांला दिसली नाही.

ती दिसली प्रेमा पुरव यांना. गोव्याच्या मुक्तिलढ्यात बंदुकीची गोळी खाल्लेल्या या बाई पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले पुढारी. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबाला बँकेचे कर्ज मिळावे अशी भाषा सरकार करीत होते. पुरवबाईंनी ती भाषा खरी धरली. १९७५ साली चौदा खानावळवाल्या बायांना एकत्र करून त्यांनी बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायांना अक्षरओळख नव्हती, तारण नव्हते. एकीने दुसरीची हमी घ्यायची, एवढेच तारण. कर्जे फिटली, सभासद हजारांनी वाढल्या. सावकाराचे व्याज तुटले म्हणजे ताट तेवढ्याच पैशांत राहून वाढणारीच्या हातात चार पैसे उरतात, हे या मंडळाने दाखवून दिले.

खानावळीचे गोडवे गाताना एक कडू गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. गिरणगावातली खानावळ गावाची आणि जातीची असे. रत्नागिरीकडचा गडी आपल्या गाववाल्या बाईकडे, घाटावरचा घाटावरच्या बाईकडे, आणि महार कामगार वेगळ्या चाळीत वेगळ्या चुलीवर. साचेखात्यात त्याला कामच मिळत नसे, कारण धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगार त्याला हरकत घेत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला तेव्हा कित्येक पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. मग शाहू महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. १९२२ साली महाराज वारले, त्याच्या थोडीच वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे, तो उगाच नाही. ताट स्वस्त असून भागत नाही, त्या पंगतीला बसताही आले पाहिजे.

हे दुखणे आपलेच आहे की जगाचे, हे पाहण्यासाठी थोडे दूर, सिंगापूरला जाऊ. चीनच्या दक्षिणेला हैनान नावाचे बेट आहे. तेथली माणसे पोटासाठी सिंगापूरला गेली, पण इतर चिनी लोकांच्या मानाने उशिरा. व्यापार आणि बंदराचे धंदे आधी आलेल्यांनी धरलेले. मागाहून आलेल्या हैनानी माणसाच्या वाट्याला गोऱ्या साहेबाचे स्वयंपाकघर, जहाजावरची आचाऱ्याची नोकरी, नाही तर कॉफीचे दुकान. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतले, साहेब कैदेत गेले आणि आचारी बेकार झाले. तेव्हा आणि युद्धानंतरही कित्येकांनी स्वतःची लहानलहान दुकाने मांडली. त्यांच्या कोंबडी-भाताचे आज जगात नाव आहे. कृती ऐका, म्हणजे गरिबीची अक्कल समजेल. कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवायची. तिच्या चरबीत तांदूळ परतून त्याच पाण्यात भात करायचा. उरलेले पाणी वाटीत रस्सा म्हणून द्यायचे. वर आले आणि मिरचीची चटणी. मांसाचे चार तुकडे, पण चव ताटभर. एका पळी तेलात आणि मूठभर शेंगदाण्याच्या कुटात वीस माणसांची आमटी करणाऱ्या आपल्या बायांना ही विद्या कोणी शिकवायला नको.

सिंगापूरच्या सरकारने १९७१ नंतरच्या पंधरा वर्षांत रस्त्यावरच्या या विक्रेत्यांना नळ आणि गटारे असलेल्या बाजारगृहांत आणून बसवले, जुन्यांचे भाडे कमी ठेवले. २०२० साली युनेस्कोने या संस्कृतीला मानवजातीचा वारसा म्हटले. आणि तरीही तेथे हीच तक्रार ऐकू येते: गिऱ्हाइकाला ताट जुन्याच भावात हवे, तांदूळ आणि कोंबडी नव्या भावात येतात, गाड्यावरची माणसे साठीच्या घरात पोचली आणि त्यांची शिकलेली मुले चुलीपुढे बारा तास उभी राहायला तयार नाहीत. वारसा म्हटल्याने हात दुखायचे थांबत नाहीत.

आपल्याकडे यावर दोन वाटांनी उपाय झाले. एक वाट कामगारांची. १९५५ साली डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत स्थापली. १९७२ चा दुष्काळ आला. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावरची सुखडी आमच्या वडील मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकत आलो आहोत. त्यापाठोपाठ महागाईचा तडाखा बसला, आणि १९७४ साली पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. ना नफा ना तोटा, आणि सरकारी अनुदानाकडे डोळा नाही. येथे ताट स्वस्त कशाने होते? धान्य घाऊक घेतल्याने आणि मधला मालक नसल्याने. भाकरी थापणारी बाई येथे पगारी कामगार आहे. तिच्या मजुरीत काटछाट करून ताट स्वस्त केलेले नाही, हा आमच्या मते या केंद्राचा मोठा गुण.

दुसरी वाट सरकारची. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. मोक्याच्या जागा दिल्या, अनुदान दिले. काही वर्षांत कित्येक ठिकाणी झुणका पाटीवर उरला आणि आत वडापाव, चहा आणि थंड पेये विकली जाऊ लागली. पुढल्या सरकारने योजना बंद केली. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आले: दहा रुपयांत तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. क्विंटलचे पोते पाठीवर घेणाऱ्याला तीस ग्रॅमची चपाती म्हणजे काय, हे तागडी धरणाऱ्यांनी एकदा मोंढ्यात येऊन पाहावे. तरीही आम्ही या योजनेला नावे ठेवणार नाही. टाळेबंदीत पाच रुपयांत, पुढे काही काळ फुकट, या ताटाने पुष्कळांना जगवले. तिचा हिशेब असा ठरला की शहरात एका ताटाचे पन्नास रुपये आणि खेड्यात पस्तीस. गिऱ्हाइकाचे दहा वजा जाता उरलेले सरकारने केंद्र चालवणाऱ्याला द्यायचे. २०२५ साली वर्तमानपत्रांतून ओरड आली की केंद्रांची बिले महिनोन्महिने थकली आहेत. केंद्रे चालवणाऱ्यांत महिला बचत गटही आहेत. म्हणजे पुन्हा वाण्याची उधारी, पुन्हा बाईची पत, आणि गिरणीमालकाच्या जागी आता खुद्द सरकार.

आमच्या हातून घडलेले एक सांगतो आणि थांबतो. १९९० नंतरच्या एका वर्षी, गावाचे नाव सांगत नाही, एका बाजारपेठेत आम्ही हमालीच्या दरासाठी एकोणीस दिवस बंद पाळला. जेवण बाजाराच्या मागल्या गल्लीत, एका मावशीकडे. भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "झाल्यावर द्या" म्हणाली. बाराव्या दिवशी ताटातले वरण पातळ झाले. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "वाण्यानं पोतं बंद केलं बाबा, आज नुसत्या कण्या हायेत." आम्ही कण्या खाल्ल्या आणि मैदानात जाऊन भाषण केले. दर वाढला, गुलाल उधळला. करारात दर लिहिला, पाणी पिण्याची जागा लिहिली, अपघाताची भरपाई लिहिली. मावशीची उधारी लिहायचे कोणाला सुचले नाही. ज्याने त्याने आपापले द्यायचे ठरले. काहींनी दिले, काही सुगी संपल्यावर गावी निघून गेले. दोन महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होते. शेजारच्या टपरीवाल्याने तिची वही आमच्या हाती दिली. ती लिहिता न येणाऱ्या बाईची वही होती, नावापुढे नुसत्या उभ्या रेघा, एका जेवणाची एक. नावे शेजारच्या पोराने लिहून दिलेली. आमच्या नावापुढे अडतीस रेघा होत्या.

तेव्हापासून आमच्या संघटनेत बंद पुकारायच्या आधी खानावळवालीला बैठकीला बोलावतात, आणि तडजोडीचे पैसे आले की पहिली पावती तिच्या नावाची फाडतात. ती वही अजून आमच्याकडे आहे.